धातूच्या अंतरंगातील दोष
(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



हीरक महोत्सव म्हटला की हिरा आठवतो, आणि हिरा म्हटला की निर्दोषपणा. जवाहिऱ्याच्या दृष्टीने ते खरेही आहे. पण गोवळकोंड्याच्या परिसरातून सतराव्या शतकात तावेर्निये नावाच्या फ्रेंच व्यापाऱ्याने जो निळा हिरा नेला, आणि ज्याचे आजचे रूप ‘होप’ या नावाने वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे, त्याचा निळा रंग हा एक दोष आहे. शुद्ध कार्बनच्या स्फटिकात दर दहा लाख अणूंमागे मोजके अणू बोरॉनचे शिरले, आणि पाण्यासारखा स्वच्छ होऊ शकला असता तो खडा निळा झाला. पिवळ्या हिऱ्यात हेच काम नायट्रोजन करतो. जगाने मौल्यवान ठरवले ते या चुकलेल्या अणूंमुळे आलेल्या रंगाला.

सर चंद्रशेखर वेंकट रमण यांना हिऱ्यांचे विलक्षण वेड होते, ते दागिन्यांसाठी नव्हे. बेंगळुरूत १९४८ साली त्यांनी उभारलेल्या संस्थेत त्यांच्या संग्रहातील हिरे आजही आहेत. स्फटिकातले अणू कसे थरथरतात, हा त्यांचा प्रश्न होता, आणि त्यावरून मॅक्स बॉर्न या थोर जर्मन शास्त्रज्ञाशी त्यांचा मोठा वाद झाला. गंमत अशी की १९३५ साली बॉर्न यांना बेंगळुरूला बोलावणारे रमणच होते. त्या वादात पुढे बॉर्न यांची बाजू खरी ठरली. रमणांसारख्या द्रष्ट्याचाही तर्क अणूंच्या बाबतीत चुकू शकतो, एवढी नोंद करून पुढे जावे. कारण आजच्या विषयात चुकीच्या चित्राची आणखी एक गोष्ट यायची आहे.

रमणांच्या संस्थेजवळून बल्लारी रस्ता उत्तरेकडे निघतो आणि हेब्बाळला पोहोचतो. इसवी सन ७५०च्या सुमाराच्या शिलालेखात ज्याचे जुने नाव सापडते ते हे हेब्बाळ आज विमानतळाकडे धावणाऱ्या वाहनांच्या पुलासाठी ओळखले जाते. पुलावरून तळे दिसते. थोडे पुढे कृषी विद्यापीठाची हिरवाई, आणि मग जक्कूर. तेथे १९८९ साली स्थापन झालेले जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्र आहे. उमेश वाघमारे तेथे पदार्थांचा सैद्धांतिक अभ्यास करतात. मुंबईच्या आयआयटीतून अभियांत्रिकी भौतिकी आणि येल विद्यापीठातून डॉक्टरेट, असा त्यांचा शिक्षणाचा प्रवास. २०१५ सालचा इन्फोसिस पुरस्कार त्यांना अभियांत्रिकी आणि संगणक विज्ञान या विभागात मिळाला. त्यांच्या शाखेच्या प्रयोगशाळेत भट्टी नसते, हातोडा नसतो. धातू तेथे संगणकाच्या स्मृतीत, अणू-अणू मांडून तयार होतो, आणि बहुधा मुद्दाम चुकीचा मांडला जातो. तो चुकीचा का मांडतात, हेच आज समजून घ्यायचे आहे.

धातू हा स्फटिक असतो, हे प्रथम ऐकताना खरे वाटत नाही. स्फटिक म्हणजे खडीसाखर, तुरटी, मीठ. पण जस्ताचा मुलामा दिलेली पत्र्याची बादली आठवावी. तिच्या अंगावर जी चकचकीत, वेडीवाकडी फुले दिसतात, तो प्रत्येक ठिपका म्हणजे जस्ताचा एकेक स्फटिक. तांब्याच्या हंड्यातही असेच स्फटिककण असतात, फक्त ते डोळ्यांना दिसत नाहीत. प्रत्येक कणात अणूंची मांडणी फळवाल्याच्या मोसंब्यांच्या राशीसारखी असते. पहिल्या थराच्या खळग्यांत दुसरा थर बसतो. तिसऱ्या थराला मात्र दोन पर्याय उरतात: नेमके पहिल्या थराच्या डोक्यावर बसणे, किंवा उरलेल्या दुसऱ्या खळग्यांत बसणे. मॅग्नेशियम पहिला पर्याय घेते, तांबे दुसरा. एवढ्याशा फरकामुळे तांबे मुकाट्याने हंड्याचा आकार घेते आणि मॅग्नेशियम सहजासहजी वाकत नाही.

या सुबक राशीत एक कोडे दडले होते. अणूंचा एक अख्खा थर दुसऱ्यावरून सरकवायला किती जोर लागेल, याचा हिशेब याकोव्ह फ्रेंकेल यांनी १९२६ साली मांडला. प्रत्यक्षात शुद्ध तांब्याचा स्फटिक त्या हिशेबाच्या हजारो पटींनी कमी जोरात वाकतो. हिशेबात पाच-दहा टक्क्यांची तफावत असती तर कोणी मनावर घेतले नसते. हजारो पटींची तफावत म्हणजे मूळ कल्पनाच चुकलेली.

उत्तर १९३४ साली तिघांनी स्वतंत्रपणे दिले: टेलर, ओरोवान आणि पोलान्यी. लग्नघरात मोठी जाजम अंथरल्यावर ती वीतभर पुढे सरकवायची असेल, तर अनुभवी माणूस ती संपूर्ण ओढत नाही. तो एका टोकाला सुरकुती पाडतो आणि ती पायाने ढकलत दुसऱ्या टोकापर्यंत नेतो. जाजम सरकते, जोर मात्र एका सुरकुतीपुरताच लागतो. स्फटिकातही अशी सुरकुती असते. अणूंचा एखादा थर मध्येच संपतो, आणि जेथे तो संपतो तेथे एक रेषा उरते. तिचे शास्त्रीय नाव डिस्लोकेशन. येथे तिला भ्रंशरेषा म्हणू. धातू वाकतो तेव्हा थर एकदम घसरत नाहीत; ही रेषा सरकत जाते. तिघांनी हे लिहिले तेव्हा कोणीही भ्रंशरेषा पाहिलेली नव्हती. ती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून ॲल्युमिनियमच्या पापुद्र्यात हलताना दिसली १९५६ साली, केंब्रिजला. मधली बावीस वर्षे ती केवळ तर्काच्या आधारावर उभी होती.

पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत मात्र तिचे व्यवहारज्ञान त्याआधी कितीतरी पिढ्या होते. तांब्याचा पत्रा ठोकता ठोकता कडक होतो, आणखी ठोकला तर चिरतो, म्हणून मध्येच तो भट्टीत तापवून मऊ करून घ्यावा लागतो. भांड्यावर शेवटी जे मठारकाम होते, ते पाहणाऱ्याला नक्षी वाटते. पण एकाशेजारी एक पडणाऱ्या त्या घावांनी भांड्याला कणखरपणाही येतो. शास्त्राच्या भाषेत प्रत्येक घावासरशी नव्या भ्रंशरेषा जन्मतात, त्या एकमेकींत गुंततात, आणि गुंतलेल्या रेषेला सरकता येत नाही. भरपूर ठोकलेल्या तांब्याच्या एका घन सेंटिमीटरमध्ये या रेषांची एकूण लांबी दहा लाख किलोमीटरच्याही पुढे जाऊ शकते. चंद्र येथून चार लाख किलोमीटरांच्याही आत आहे. भट्टीतल्या उष्णतेने अणूंना हालचाल मिळते, गुंता बराचसा सुटतो, धातू पुन्हा मऊ होतो. म्हणजे दोष थोडे असतील तर धातू नरम, खूप असतील तर कडक, आणि दोष अजिबात नसतील तर फ्रेंकेल यांच्या हिशेबाइतका अतिशय बळकट. असे जवळजवळ निर्दोष, केसाहून बारीक धातुतंतू खरोखर सापडलेही आहेत. पण केसाहून बारीक तंतूचा हंडा होत नाही.

आता संगणकाकडे वळायचे. पण त्याआधी एक संगणक असा होऊन गेला, जो साबणाच्या पाण्याचा होता. लॉरेन्स ब्रॅग आणि जॉन नाय यांनी १९४७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. पसरट भांड्यात साबणाचे पाणी घेऊन त्यांनी बारीक नळीतून एकसारख्या आकाराचे, मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे हजारो बुडबुडे सोडले. बुडबुडे एकमेकांना ओढतात, पण एका मर्यादेपलीकडे जवळ येऊ देत नाहीत. अणूंचाही स्वभाव थोडाफार तसाच. पृष्ठभागावर त्यांची षट्कोनी, शिस्तबद्ध रांगोळी तयार होते. त्या रांगोळीत कुठे एक बुडबुडा कमी असतो, कुठे दोन रांगोळ्यांची सीमा असते, आणि तराफा हलकेच दाबला तर त्यातून एक भ्रंशरेषा सरसर धावत जाते. सूक्ष्मदर्शकाला भ्रंशरेषा दिसण्याच्या नऊ वर्षे आधी ती अशी घरगुती साहित्यात दिसली होती. विज्ञानाच्या इतिहासात इतक्या स्वस्तात इतके मोठे दर्शन फार थोड्या वेळा घडले असेल.

संगणकातील पद्धतीचा गाभा वेगळा नाही. प्रत्येक अणूची जागा लिहायची. शेजाऱ्यांकडून त्याला मिळणारी ओढ आणि ढकल काढायची. मग नववीच्या पुस्तकातला न्यूटनचा दुसरा नियम लावून, सेकंदाच्या एका अब्जांशाच्या दहा लाखाव्या भागानंतर तो कुठे असेल हे काढायचे. आणि हेच पुन्हा, लाखो वेळा. विकिरणाने धातूत होणाऱ्या हानीचा असा पहिला मोठा प्रयत्न जॉर्ज विनयार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत ब्रुकहेवन येथे केला आणि १९६० साली प्रसिद्ध केला. सुमारे पाचशे तांब्याचे अणू, त्यांतल्या एकाला जोराचा धक्का, आणि मग काय विस्कटते ते पाहणे. आज दहा लाख अणू ही साधी गोष्ट झाली आहे. मात्र शंभर रांगा लांब, शंभर रुंद, शंभर उंच अशा त्या दहा लाख तांब्याच्या अणूंच्या ठोकळ्याची बाजू भरते सुमारे २३ नॅनोमीटर; माणसाच्या केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याहूनही कमी. म्हणून एक युक्ती करतात. आरसेमहालात उभ्या माणसाला जशा चहूकडे आपल्याच प्रतिमा दिसतात, तसा ठोकळ्याच्या प्रत्येक बाजूला तोच ठोकळा आहे असे मानतात. कडा उरत नाही, आणि धातू अनंत पसरल्यासारखा वागतो.

सगळी मेख आहे ती ‘ओढ आणि ढकल’ या दोन शब्दांत. सुरुवातीला अणूंच्या जोड्या-जोड्यांचा हिशेब करीत असत: या दोघांची ओढ इतकी, त्या दोघांची तितकी, आणि सर्वांची बेरीज. धातू ही बेरीज मानत नाही. तांब्यातला एक अणू बाकीच्यांपासून पूर्णपणे सोडवायला सुमारे ३.५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते; पण तोच आतून काढून पृष्ठभागावर नेऊन बसवला आणि आत रिकामी जागा ठेवली, तर सुमारे १.३ पुरते. जोड्यांच्या बेरजेनुसार या दोन संख्या जवळजवळ सारख्या यायला हव्या होत्या. कारण धातूतले इलेक्ट्रॉन सामायिक असतात. एक शेजारी गेला की उरलेले शेजारी एकमेकांना अधिक घट्ट धरतात. डॉ आणि बास्केस या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९८४ साली हे ध्यानात घेणारी रीत दिली. त्याहून मूलगामी मार्ग म्हणजे क्वांटम सिद्धांतावरून इलेक्ट्रॉनांची घनताच काढणे. वॉल्टर कोन आणि सहकाऱ्यांनी १९६४-६५ साली त्याचा पाया घातला, आणि कोन यांना १९९८ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. हा मार्ग विश्वासाचा, पण खर्चिक: दहा लाखांऐवजी काही शे अणूंवरच दम लागतो.

एवढा खर्च कशासाठी, याचे उत्तर लोखंडाने दिले. लोखंडातील भ्रंशरेषांचा एक प्रकार गोल जिन्यासारखा असतो. तिच्याभोवती अणूंचे थर जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणे चढत जातात. थंडीत पोलाद ठिसूळ का होते, हे या रेषेच्या गाभ्यावर बरेच अवलंबून आहे. १९७०च्या सुमारास वाक्लाव विटेक आणि सहकाऱ्यांनी लोखंडाच्या जातीच्या स्फटिकात, तेव्हा उपलब्ध असलेल्या जोडीच्या नियमांनी, हा गाभा संगणकावर काढला. तो तीन पाकळ्यांत पसरलेला दिसला. चित्र देखणे होते, ते पुस्तकांत गेले, आणि पुढील तीस वर्षे लोखंडाविषयीचे पुष्कळ विवेचन त्या पाकळ्यांवर झाले. २००३च्या सुमारापासून क्वांटम पद्धतीने तोच गाभा काढता येऊ लागला, तेव्हा लोखंडात पाकळ्या नाहीत, गाभा आटोपशीर आणि मिटलेला आहे, असे निष्पन्न झाले. संगणकाने गणित चुकवले नव्हते. त्याला दिलेला नियम लोखंडाचा नव्हता. विटेक यांच्या कामाची थोरवी याने उणावत नाही, कारण गाभ्याच्या आकारावर धातूचे बळ ठरते हा मूळ विचार त्यांच्या त्या कामातूनच रुजला. पण ज्यांनी चित्रालाच पुरावा मानले, ते फसले.

हेब्बाळच्या परिसरातील काम या पार्श्वभूमीवर पाहावे. जक्कूरचे वाघमारे आणि हेब्बाळच्या अलीकडे असलेल्या भारतीय विज्ञान संस्थेतील यू. राममूर्ती यांनी अदिती दत्ता यांच्यासह २००८ साली ‘ॲक्टा मटेरिआलिया’ या नियतकालिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. विषय होता मॅग्नेशियममध्ये जस्त आणि यिट्रियम मिसळल्यावर थरांच्या रचनेचे काय होते. मॅग्नेशियमची घनता ॲल्युमिनियमच्या सुमारे दोन-तृतीयांश आणि पोलादाच्या पावपट. वाहने आणि विमाने हलकी व्हावीत म्हणून जगाचे त्याच्याकडे लक्ष आहे. अडचण त्याच्या ताठरपणाची. मोसंब्यांच्या राशीत एखादा थर मुद्दाम चुकीच्या खळग्यांत बसवला तर किती ऊर्जा मोजावी लागते, आणि परक्या अणूंनी ती किंमत कशी बदलते, हे या पद्धतीने क्वांटम सिद्धांतावरून काढता येते. म्हणून धातू मुद्दाम चुकीचा मांडायचा. चुकीची किंमत कळली की तो धातू कुठे घसरेल आणि कुठे अडेल याचा अंदाज बांधता येतो. वितळवून, ओतून, तोडून पाहण्याचे शेकडो प्रयोग त्यामुळे संपत नाहीत, पण त्यांतले कोणते आधी करावेत हे ठरते.

असे हिशेब करणाऱ्या यंत्रांची कथा पुण्यातून जाते. १९८०च्या दशकात भारताला हवा तो क्रे महासंगणक देण्यास अमेरिकेने नकार दिला. १९८८ साली पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावचे विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ उभा राहिला. त्याच घराण्यातील ‘परम युक्ती’ आज जक्कूरच्या केंद्रात आहे, आणि २०२२ साली भारतीय विज्ञान संस्थेत ‘परम प्रवेग’ कार्यान्वित झाला. पुण्याचा तांबट आणि पुण्याचा परम एकाच प्रश्नावर काम करताहेत असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. पण फार मोठ्या अतिशयोक्तीचे नाही.

तरीही एका ठिकाणी परमचाही हात टेकतो, आणि ते ठिकाण महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर शोधायला हरकत नाही. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ साली व्यापारी तत्त्वावर सुरू झाल्या. अशा भट्टीचे हृदय जाड पोलादी पात्रात असते, आणि त्या पात्रावर आतून न्यूट्रॉनांचा मारा होत असतो. एक न्यूट्रॉन एका अणूला ठोकरतो. तो शेजाऱ्यांना, ते आणखी शेजाऱ्यांना. क्षणात शेकडो-हजारो अणू जागा सोडतात, आणि सेकंदाच्या अब्जांशाचा शंभरावा भाग उलटेपर्यंत त्यांतले बहुतेक पुन्हा कुठल्या तरी रिकाम्या जागेत बसतात. मागे उरतात थोड्या रिकाम्या जागा आणि थोडे अडचणीत घुसलेले अणू. एवढे नाट्य संगणक उत्तम दाखवतो. विनयार्ड यांचा १९६०चा प्रश्न हाच होता.

पण पोलाद ठिसूळ होते ते पुढल्या वर्षानुवर्षांत. जुन्या पोलादी पात्रांच्या सांध्यांत तांब्याचा किंचित अंश असे. वेल्डिंगच्या तारेला गंज लागू नये म्हणून तिच्यावर तांब्याचा मुलामा देत, तो सांध्यात उतरे. लोखंडात तांबे फारसे विरघळून राहत नाही. न्यूट्रॉनांनी केलेल्या रिकाम्या जागांतून हे तांब्याचे अणू हळूहळू सरकतात, गोळा होतात, नॅनोमीटरभर आकाराच्या गाठी बनवतात, आणि भ्रंशरेषांची वाट अडवतात. तांबट आळीत हवाहवासा असणारा कडकपणा येथे धोक्याचा, कारण रेषा सरकेना झाली की पोलाद वाकण्याऐवजी तडकते. हे समजल्यावर नव्या पात्रांच्या पोलादातील तांब्यावर कडक मर्यादा आल्या.

ही वर्षे संगणकात कशी आणायची? अणू-अणूंची चाल मोजत संगणकाने रोज एका सेकंदाचा दहा लाखावा भाग पुढे नेला, असे उदारपणे धरले, तरी एक सेकंद पुरा व्हायला दहा लाख दिवस, म्हणजे २७०० वर्षांहून अधिक काळ लागेल. म्हणून अणूंची प्रत्येक थरथर मोजणे सोडून देतात. फक्त रिकामी जागा एका अणूवरून दुसऱ्यावर उडी मारते तेवढेच क्षण मोजतात, आणि कोणती उडी केव्हा पडेल हे संभाव्यतेच्या फाशांनी ठरवतात. त्या उडीची किंमत मात्र पुन्हा क्वांटम हिशेबातून घ्यावी लागते. गेल्या काही वर्षांत यंत्र-शिक्षणाने क्वांटम हिशेबांवरून अणूंमधले नियम शिकवण्याची रीत आली आहे. बेलर आणि पारिनेलो यांनी २००७ साली तिची वाट दाखवली. तिच्याकडून आशा मोठ्या आहेत, पण तिलाही न शिकवलेला प्रसंग आला की ती पूर्ण आत्मविश्वासाने चुकते.

अखेरचा शब्द म्हणून प्रत्यक्ष पोलादाकडेच जावे लागते. अशा भट्ट्यांमध्ये पात्राच्याच पोलादाचे छोटे तुकडे प्रथमपासून आत ठेवण्याची पद्धत आहे. ठरावीक वर्षांनी त्यांतले काही बाहेर काढतात, जड लोलकाच्या एका फटक्याने तोडतात, आणि तोडायला किती ऊर्जा लागली ते लिहून ठेवतात. संगणकाने काढलेला आकडा त्या नोंदीशेजारी ठेवला जातो. दोन्ही जुळले तर गणित पुढे वापरायचे; नाही जुळले तर दुरुस्ती गणिताने करायची, तुकड्याने नव्हे.

सभा संपल्यावर शाळेच्या प्रयोगशाळेत एक मोठी परात मांडलेली आहे. तिच्यात साबणाचे पाणी आहे, बुडबुडे टिकावेत म्हणून थोडे ग्लिसरीन घातले आहे, आणि मासे पाळण्याच्या टाकीचा छोटा पंप बारीक नळीतून हवा सोडतो आहे. नळीचे तोंड पाण्याखाली एकाच खोलीवर राहील एवढी काळजी घ्यावी, म्हणजे बुडबुडे एका मापाचे येतात. टाचणीने एक बुडबुडा फोडला की रिकामी जागा दिसेल. पट्टीने तराफ्याची एक कड हलकेच दाबली की रांगांमधून एक रेषा धावताना दिसेल; ती भ्रंशरेषा. पहिल्या वेळी ती फार वेगाने निघून जाते, म्हणून पट्टी पुन्हा एकदा, अगदी सावकाश दाबावी.